नेपाळचं कार्ड

वारंगा फाटा,
रविवार, दि. २२ नोव्हेंबर २००९

प्रिय धम्मानंद,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकशील. मोबाइल विकणारा मामा पोस्टानं पत्र कशाला पाठवतो, असं वाटेल. हे लिहिताना माझ्यासमोर काउंटरवर तीन हँडसेट पडलेत, तिन्हींवर पुरी रेंज आहे. आज लाइट नाही, त्यामुळे दुकानामागच्या टॉवरचं जनरेटर सकाळपासून धडधडतंय. तरी कागद घेतला. फोनवर मी गोष्ट मधेच वळवून टाकतो, ही माझी सवय मला पक्की ठाऊक आहे. कागदावर वळवायला गेलं की खाडाखोड दिसते.

शिरड शहापुरात तुझ्याबद्दल काय बोलतात ते तुला माहीत आहे. आई मेली, तर पोरानं नेपाळातून मोबाइलवर सांगितलं, थांबू नका, उरकून घ्या. एवढंच एक वाक्य, पण नऊ महिने गावभर फिरतंय. किसनराव विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, जुना माणूस, तेही म्हणतात की पोरगं शिकलं अन् दगड झालं. तुमच्या शेजारची मिराबाई तर तुझं नावच घेत नाही, 'तो मोबाइलवाला' म्हणते. ऐश्वर्या तुझी पाठची बहीण, ती सहा महिने तुझा फोन उचलत नव्हती. या सगळ्याचं मूळ माझ्याकडे आहे. ते मी आज सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीनं. सेट उघडला की स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मी ते फडक्यावर मांडतो, नाहीतर शेवटी एक उरतोच. हेही तसंच क्रमानं वाच. मधलं पान सोडून शेवटाकडे जाऊ नकोस.

माझं शिक्षण सातवी. हे मी कधी लपवलं नाही, उलट मिरवलं. चौऱ्याऐंशी साली वसमतला रेडिओ दुरुस्ती शिकलो, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. पंच्याण्णवला या फाट्यावर एसटीडीचा बूथ टाकला आणि दोन हजार तीनला मोबाइल. इंग्रजी मी शाळेत शिकलो नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन मॅन्युअलमधून शिकलो, एका पानाला दोन-दोन तास. नांदेडचे डिप्लोमावाले ज्या सेटला हात जोडायचे तो माझ्याकडे यायचा आणि बोलायला लागायचा. त्यातून मला एक खोड लागली. गिऱ्हाईकाला 'मला माहीत नाही' असं म्हणायचं नाही. उद्या या म्हणायचं, तोवर शोधून काढायचं. पंचवीस वर्षं ही खोड चालून गेली, आणि मी तिला तत्त्व समजत आलो.

तू हिंगोलीच्या लॅबमधली नोकरी सोडून नागपूरच्या त्या संस्थेच्या आरोग्य शिबिरासाठी तीन महिने नेपाळच्या डोंगरात जातो म्हणालास, तेव्हा अक्काला, म्हणजे तुझ्या आईला, राग आला नव्हता, एवढं लक्षात ठेव. ती फक्त म्हणाली होती, तिकडं काय न्हाई व्हय रगत तपासायला माणसं? आणि लुंबिनी वाटेवरच आहे हे तू सांगितल्यावर तर तिनं तुझ्या बॅगेत स्वतःच्या हातानं मेणबत्त्या घातल्या. पण तिची एक अट होती, आणि ती तिनं तुला नाही, मला घातली. सोना, म्हणाली, आवाजावर माझा भरोसा न्हाई. आवाज तर रेडिओतबी येतो. मला लेकराचं तोंड दिसलं पायजे, आठ दिवसाला एकदा तरी. मी म्हणालो, अक्का, आठ दिवस कशाला, रोज दाखवतो. माझ्या तोंडून ते निघालं आणि तिथून पुढं माघार घेणं मला जमलं नाही.

मग तुझ्यासाठी कार्ड निवडायचं काम मी अंगावर घेतलं. तुला वाटलं असेल मामानं सहज सांगितलं, पण त्यामागे सतरा दिवस होते. मी चार वेळा नांदेडला सायबर कॅफेत गेलो आणि सदुसष्ट पानं छापून आणली. तीन रस्ते होते. पहिला, आपलंच कार्ड रोमिंगवर न्यायचं. ते सरहद्दीपासून चार-पाच तासांच्या वाटेपर्यंत चालेल, पुढं नाही, म्हणून मी ते कापलं. दुसरा, तिकडच्या सरकारी टेलिफोनचा तो जाड फोन. त्याला कार्ड नसतं, नंबर सेटमध्येच भरलेला. रेंज डोंगरात चांगली असं लिहिलेलं होतं, पण त्यावर फोटो जात नाही. शिवाय खरं सांगायचं तर असले डबे इकडच्या लोकांनी फुकटात घेतले आणि बिघडल्यावर माझ्या काउंटरवर आणून आदळले, त्यामुळे त्यांच्यावर माझा मुळातच राग. तिसरा, तिकडच्या एका खासगी कंपनीचं कार्ड. त्यावर नेट होतं. नेट, म्हणजे फोटो. कंपनीचा रंगीत नकाशा मी छापून आणला. तुझा सगळा जिल्हा त्यात हिरवा होता. मी भिंग लावून पाहिला. तू जाणार त्या गावाच्या नावावर टॉवरचं चिन्हही होतं. मी तिसऱ्यावर लाल पेननं बरोबरची खूण केली आणि नेटच्या सेटिंगची प्रत्येक ओळ मोठ्या अक्षरात लिहून कागद लॅमिनेट करून तुला दिला. तू हसलास. म्हणालास, मामा, तुमी नेपाळला न जाताच नेपाळचे कलेक्टर झालात. ते वाक्य मी चार गिऱ्हाइकांना सांगितलं, तारीफ म्हणून.

आता एक गोष्ट विचार. ज्या माणसाच्या दुकानामागे टॉवर आहे आणि लोडशेडिंगमध्ये रोज बारा तास त्याचं जनरेटर कानात वाजतं, त्यानं सदुसष्ट पानांत एकदा तरी हे शोधायला नको होतं का, की त्या डोंगरात टॉवरला डिझेल कोण पोचवतं? तिकडं आपल्याहून जास्त लाइट जाते हे मी वाचलं होतं. पान एकोणचाळीस. वाचलं आणि उलटलं.

पंधरा जानेवारीला तू सरहद्दीवरच्या बूथवरून फोन केलास. वेळ सव्वाअकरा. म्हणालास, इथला दुकानदार म्हणतो वरती ह्या कार्डाचा भरोसा नाही, टॉवर उभे आहेत पण बंद पडतात, तो जाड फोन न्या, आमची पोरं तोच नेतात. म्हणालास, मामा, काय करू? धम्मानंद, तू मला विचारलंस. तुझ्यासमोर तिथला माणूस उभा होता, तिथली पोरं वापरतात ते सांगत होता, आणि तू नऊशे मैलांवरून मला विचारलंस, कारण लहानपणापासून तुला सांगत आलेत की मामाला कळतं. आणि मी काय म्हणालो? त्या दुकानदाराला त्याचा माल खपवायचा आहे. मी लिहून दिलंय ना? तेच घे. माझ्या आवाजात चीड होती, कारण दुकानात त्या वेळी माणिकराव गुरुजी बसले होते, आणि त्यांच्यादेखत कुणी माझ्या निवडीवर शंका घ्यावी हे मला खपलं नाही. तू 'बरं' म्हणालास आणि कार्ड घेतलंस.

त्याच दिवशी तुझा फोटो आला. सरहद्दीच्या कमानीखाली उभा, निळा स्वेटर, एका हातात मफलर. मी तो दुकानाच्या कॉम्प्युटरवरून हँडसेटमध्ये घेतला आणि मोटरसायकलवर सरळ शिरडला. अक्कानं चष्मा दोनदा पुसला. मिराबाई, किसनराव, गल्लीतली पोरंठोरं, सगळ्यांनी तो सेट हातोहात फिरवला. किसनराव म्हणाले, सोनाजी, तू इंजिनेर व्हायला पायजे होता. मी तो दिवस विसरलो नाही. एकोणीस जानेवारीला डोंगराच्या पायथ्याच्या सुर्खेतहून तुझा मेसेज आला, उद्यापासून वर, एक दांडी रेंज, आईला सांगा जेवतोय. त्यानंतर काही आलं नाही. मी रोज सकाळी नऊला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला तुझा नंबर फिरवत होतो, वहीत टिपत होतो. गावात विचारलं की सांगायचो, चढावर आहे, पोचला की येईल.

फेब्रुवारीच्या आठ तारखेला अक्काचे पाय सुजले आणि दम लागायला लागला. आम्ही तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय फार कमजोर झालंय, घरी न्या, माणसं बोलावून घ्या. माणसं म्हणजे कोण, तर तूच. दहा तारखेला तिला घरी आणलं. तिनं पहिलं काय विचारलं असेल? धम्माचं तोंड दाखव. ऐश्वर्या तिच्या पायाशी बसलेली, दारात मिराबाई, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या खिशाकडे. त्या वेळी मी म्हणायचं होतं, अक्का, माझं चुकलं, कार्ड बंद पडलंय, मी दुसऱ्या वाटेनं त्याला गाठतो. एवढी तीन वाक्यं. मी म्हणालो, आज सकाळीच मेसेज आलाय, दुकानातल्या सेटवर आहे, उद्या आणतो.

दुसऱ्या दिवशी मी आणला. कसा, तेही लिहितो, म्हणजे तुला मी मुद्दाम केलं की चुकून झालं असा प्रश्न पडायला नको. दुकानात पडून असलेलं एक जुनं कार्ड दुसऱ्या सेटमध्ये घातलं. माझ्या सेटमध्ये तो नंबर तुझ्या नावानं साठवला. मेसेज आधीच लिहून ठेवायचा, सेट पँटच्या डाव्या खिशात, अंगठा बटणावर. अक्काजवळ टेकलो की बटण दाबायचं. सात ते नऊ सेकंदांत माझ्या वरच्या खिशात वाजायचं. सगळे म्हणायचे, आला, आला, धम्माचा आला. मी वाचून दाखवायचो. आई, इथं बर्फ पडतोय. आई, आज साठ जणांचं रक्त तपासलं. आई, औषध वेळेवर घे. आणि फोटो हवाच होता, तर तो एकच होता. मी कॉम्प्युटरवर कमान कापून टाकली आणि नुसता चेहरा ठेवला, तो दुसरा झाला. मग जरा काळसर केला, तो संध्याकाळचा तिसरा झाला. चौथ्या दिवशी अक्का म्हणाली, एवढ्या थंडीत एकच स्वेटर व्हय रं त्याला? धुतो का न्हाई? सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मेसेज आणला, आई, स्वेटर धुतला. पुन्हा सगळे हसले. अक्का हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

आता जे लिहितो ते सगळ्यांत जड आहे. तू निघताना मला संस्थेच्या नागपूरच्या ऑफिसचा नंबर दिला होतास. अडचण आली तर इथं करा, म्हणून. तो कागद माझ्या गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होता. हरवला नव्हता. दहा फेब्रुवारीपासून तो मी रोज पाहत होतो. फोन केला असता तर विचारलं असतं, आमच्या पोराशी संपर्क होत नाही, काय करावं? म्हणजे सोनाजीनं निवडलेलं कार्ड चालत नाही हे नागपूरला कळलं असतं, नागपूरहून तुला, तुझ्याकडून शिरडला. आणि मग हे रोजचे मेसेज कुणाचे, हाही प्रश्न आलाच असता. मी उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. असे सोळा उद्या झाले. सुर्खेतपासून तू दीड दिवस जीपनं आणि एक दिवस पायी गेला होतास. परतीची वाट उताराची. मी हिशेब केला आहे, धम्मानंद, दहा तारखेला फोन केला असता तर तू उशिरात उशिरा एकोणीसला अक्काजवळ असतास. ती सव्वीसला गेली.

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मेसेज तयार करून गेलो. ऐश्वर्या चुलीजवळ होती, दुसरं कुणी नव्हतं. मी खिशात हात घालणार तेवढ्यात अक्कानं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर नव्हता, पण धरलं. म्हणाली, सोना, उद्यापासून मेसेज आणू नको. दमलास तू. एवढंच. तिला केव्हापासून कळलं होतं ते मी विचारलं नाही. चौथ्या दिवसापासून, असं मला वाटतं. अकरा-बारा दिवस ती गल्लीदेखत मला सांभाळत होती, लेकराचं तोंड न पाहता. लहानपणी मी काही फोडलं की ती बापासमोर असंच करायची.

सव्वीस फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी सहा चाळीसला ती गेली. वसमतहून बर्फाच्या लाद्या आणल्या. सकाळी अंगणात पन्नास-साठ माणसं. गोरेगावचे पाहुणे आले, किसनराव आले. पावणेअकराला किसनरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, सोनाजी, पोराला कळवलं का? थांबायचं असंल तर थांबू. दोन दिवस थांबू, अजून बर्फ आणू. पण तो काय म्हणतो ते बराबर विचार. अक्कानं मला दोन दिवसांआधीच सोडवलं होतं. आता खोटं बोलायला कारणही उरलं नव्हतं. पण पन्नास माणसं मला पाहत होती, आणि त्यांना ठाऊक होतं की सोनाजीच्या खिशात धम्माचा मेसेज रोज वाजतो. मी सेट कानाला लावून लिंबाखाली गेलो. कुणालाही फोन लावला नव्हता. ओठ हलवले. किती वेळ, तर साधारण दोन मिनिटं. परत येऊन म्हणालो, तो म्हणतो, मला पोचायला आठ दिवस लागतील. थांबू नका. उरकून घ्या.

'उरकून घ्या' हा शब्द कुठून आला मला माहीत नाही. दुकानात गर्दी झाली की मी तोच वापरतो. ऐश्वर्यानं तो ऐकला आणि मान वर केली. मिराबाई म्हणाली, उरकून? आई हाय का उष्टी भांडी? किसनराव उठले आणि खांदेकऱ्यांना हाक मारली. त्या क्षणी मी 'नाही, थांबा' म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी चपला शोधत होतो.

अंत्यविधीनंतर मी आंघोळ केली आणि तडक फाट्यावर आलो. मग ड्रॉवर उघडला. संस्थेच्या ऑफिसातला माणूस शांतपणे म्हणाला, अहो, आमच्या डॉक्टरांचा तिथला नंबर घ्या ना, तो रोज लागतो. आणि मी ज्याला डबा म्हणालो होतो त्या जाड फोनचा नंबर त्यानं सांगितला. दुसऱ्याच प्रयत्नाला लागला. डॉक्टर नागपूरकडचे, म्हणाले, कोन, मामा का? धम्मानंदला टायफॉइड झालाय जी, आठ दिवसांपासून तापात बडबडून राहिला. इथं हलवण्यासारखा नाही. आईचं त्याला आता नका सांगू, उतरला ताप की मी सांगतो. मी विचारलं, त्याचं कार्ड? ते म्हणाले, ते खेळणं झालं. इथं टावर आहे, पण डिझल कोन आनून राहिलं? आम्ही आलो तवापासून त्याचा दिवा पाहिला नाही.

तू चौदा मार्चला आलास. हाडं वर आलेली. जलदान विधी होऊन गेला होता. तू अंगणात पाय ठेवलास आणि माणसं एकेक करून उठून गेली, तेव्हा तू आधी ऐश्वर्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मिराबाईनं तुला तोंडावर सांगितलं, आईला मोबाइलवर उरकणारा आला. आता तू विचारशील, मामा, मी असं कधी म्हणालो, असं मला वाटलं. माझी तयारी होती, खोटं नाही सांगत, मी मनात वाक्य जुळवलं होतं. पण तू काहीच म्हणाला नाहीस. खाली मान घालून फोटोपुढं बसलास, पाचव्या दिवशी औरंगाबादला गेलास, तिथंच लॅबमध्ये लागलास आणि परत आला नाहीस. मला वाटलं, पोराला कळलंय. तो आईवर गेलाय, मामाला सांभाळून घेतोय. आणि ऐक, मी ते घेतलं. नऊ महिने मी तुझं गप्प बसणं तुझा मोठेपणा समजून घेत राहिलो आणि दुकान चालवत राहिलो.

काल, शनिवारी, ऐश्वर्या जीपनं फाट्यावर आली. परीक्षेसाठी औरंगाबादला गेली होती तेव्हा तू तिला भेटायला गेलास, आणि हॉस्टेलच्या फाटकाशी उभं राहून तू तिला काय विचारलंस ते तिनं मला सांगितलं. तू म्हणालास, ऐश्वर्या, मी तापात होतो. फोन माझ्या कानाला लावल्याचं आणि मामाचा आवाज आल्याचं मला आठवतं. मी काय बोललो ते आठवत नाही. मी खरंच असं म्हणालो असेन का? डोक्याच्या डॉक्टरकडून झोपेच्या गोळ्या घेतोस असंही ती म्हणाली. म्हणजे तू मला सांभाळत नव्हतास. तू मान्य केलं होतंस. मी तिला सगळं सांगितलं. ती चहा तसाच ठेवून उठली आणि मला म्हणाली, हे दादाला लिहून द्या, तारीख-वेळ टाकून, तुमी लिहिता तसं. म्हणून हे पत्र. तर ती म्हणाली तसं लिहितो. अक्काच्या चितेला अग्नी दिला सत्तावीस फेब्रुवारीला, दुपारी बारा वाजून पंधरा मिनिटांनी. डॉक्टरांनी तो जाड फोन तुझ्या कानाला लावला त्याच दिवशी संध्याकाळी पाच वीसला, कारण मीच हट्ट केला की एकदा आवाज ऐकू द्या. मधे पाच तास पाच मिनिटं. एकोणीस जानेवारीनंतर तोवर तुझा एक शब्दही माझ्यापर्यंत पोचला नव्हता. मी म्हणालो, धम्मा. तू म्हणालास, मामा, पाणी. पुन्हा म्हणालास, पाणी. मग डॉक्टरांनी फोन काढून घेतला. याच्याशिवाय तू काही बोलला नाहीस. तू थांबू नका म्हणाला नाहीस, तुला कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांचा नंबर मागे लिहिला आहे, माझ्यावर आता विश्वास ठेवायचं कारण नाही, त्यांना विचार. दोन डिसेंबरला पौर्णिमा आहे, विहारात सगळे असतात. त्या दिवशी किसनरावांसमोर मी हेच मोठ्यानं वाचणार आहे. नक्कल ऐश्वर्याकडे दिली आहे. माझी जीभ वळली तर ती उभी राहून वाचेल. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त त्या गोळ्या ज्या प्रश्नासाठी घेतोस त्याचं उत्तर हे आहे, धम्मानंद. तू नव्हतास. तो मी होतो.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
सोनामामा